अर्धाच पाळलेला करार

सत्य आयोग ही हुकूमशाही, यादवी किंवा वंशभेदी राजवट संपल्यावर नेमली जाणारी तात्पुरती चौकशी संस्था असते. कायद्याने किंवा राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने तिला एक मुदत आणि एक कालखंड नेमून दिलेला असतो. त्या कालखंडातल्या हत्या, छळ आणि अपहरणांबद्दल ती पीडितांच्या जबान्या घेते, कागदपत्रे तपासते, प्रसंगी कबरी उकरते आणि अहवाल देऊन विसर्जित होते. कोणाला तुरुंगात पाठवण्याचा अधिकार तिला नसतो. तरीही सत्तांतराच्या काळात तिची गरज भासते, कारण त्या काळात न्यायालये बहुधा हतबल असतात. न्यायाधीश जुन्या राजवटीने नेमलेले, पोलीस स्वतःच आरोपी, सैन्य अजून जुन्याच सेनापतींच्या हाताखाली आणि दप्तरे जाळून झालेली. शिवाय खटल्यात एका आरोपीचा एका गुन्ह्यातला दोष ठरतो. हजारो माणसे नाहीशी करणारी यंत्रणा कोणाच्या हुकमाने आणि कोणाच्या मदतीने चालली, हे खटल्याच्या चौकटीत सहसा मावत नाही.

1974 पासून जगात असे चाळीसहून अधिक आयोग नेमले गेले. पहिला युगांडात ईदी अमीनने स्वतःच्याच राजवटीत बेपत्ता झालेल्यांसाठी नेमला आणि त्याचा अहवाल प्रसिद्धच होऊ दिला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ‘सत्य आणि सलोखा आयोगा’इतकी कीर्ती मात्र दुसऱ्या कोणत्याही आयोगाच्या वाट्याला आली नाही. त्याच्यानंतरच्या बहुतेक आयोगांनी त्याचे नाव आणि त्याची पद्धत समोर ठेवली. जगाला तो क्षमेचा आयोग म्हणून आठवतो. मुळात तो एक करार होता. पीडितांनी खटल्याचा आणि भरपाईच्या दाव्याचा हक्क सोडायचा, गुन्हेगारांनी त्या बदल्यात सगळे खरे सांगायचे, आणि सरकारने पीडितांना भरपाई देऊन, जे खरे सांगणार नाहीत त्यांच्यावर खटले भरायचे. पीडितांनी आपला शब्द पाळला. सरकारने पाळला नाही. या आयोगाचा विचार करताना आयोगाचे अध्यक्ष डेस्मंड टुटू यांच्या अश्रूंपेक्षा ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी.

अर्जेंटिना आणि चिलीचा वारसा

दक्षिण आफ्रिकेपूर्वीचे दोन महत्त्वाचे प्रयोग दक्षिण अमेरिकेतले. अर्जेंटिनात 1976 ते 1983 या काळात लष्करी राजवटीने हजारो लोकांना घरातून, रस्त्यातून उचलले. त्यांचे पुढे काय झाले हे कोणालाच कळू दिले नाही. फॉकलंडच्या युद्धात हार खाल्लेल्या सेनाधिकाऱ्यांनी सत्ता सोडण्याआधी स्वतःलाच माफी देणारा कायदा करून घेतला. डिसेंबर 1983 मध्ये सत्तेवर आलेले राउल आल्फोन्सिन यांनी तो रद्द करवला आणि कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली बेपत्ता व्यक्तींसाठी आयोग नेमला. आयोगाचे सदस्य सुटून आलेल्या कैद्यांना सोबत घेऊन छळछावण्यांच्या इमारतींत गेले. त्या कैद्यांच्या डोळ्यांवर तेव्हा पट्ट्या बांधलेल्या असत. जिन्याच्या पायऱ्यांची संख्या, दाराचा आवाज, भिंतीचा स्पर्श यांवरून त्यांनी जागा ओळखून दाखवल्या. सप्टेंबर 1984 मध्ये सादर झालेल्या ‘नुन्का मास’ म्हणजे ‘पुन्हा कधीही नाही’ या अहवालात 8,960 बेपत्ता व्यक्तींची नोंद आहे आणि सुमारे 340 गुप्त छावण्यांची माहिती आहे. मानवी हक्क संघटना हा आकडा 30,000 मानतात.

या आयोगाने उघड सुनावण्या घेतल्या नाहीत आणि कोणाला माफीही देऊ केली नाही. त्याने जमवलेला पुरावा थेट सरकारी वकिलांकडे गेला. 1985 साली नऊ सेनाधिकाऱ्यांवर नागरी न्यायालयात खटला चालला, आठशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, आणि त्यांपैकी विदेला व मासेरा यांना जन्मठेप झाली. पुढे सैन्याच्या बंडाळीपुढे झुकून सरकारने खटले थांबवणारे दोन कायदे केले आणि राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी दोषींना सोडून दिले. पण आयोगाची कागदपत्रे जपलेली होती. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ते दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरवले आणि त्यानंतर हजाराहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. आयोगाचा अहवाल वीस वर्षांनंतरही कोर्टात उभा राहू शकतो, हे अर्जेंटिनाने दाखवले.

चिलीची परिस्थिती जास्त बिकट होती. 1990 साली पात्रिसिओ आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा माजी हुकूमशहा पिनोशे सेनाप्रमुखपदावरच होते आणि 1978 चा माफीचा हुकूम लागू होता. आयल्विन यांनी आठ जणांचा आयोग नेमला, त्यात जुन्या राजवटीचे समर्थक आणि विरोधक सारख्याच संख्येने घेतले, आणि त्यांच्याकडून एकमताचा अहवाल आला. 2,279 जण मारले किंवा नाहीसे केले गेल्याचे त्यात नमूद होते. छळ सोसून जिवंत राहिलेल्यांना मात्र या आयोगाच्या कक्षेत स्थान नव्हते. त्यांच्यासाठी दुसरा आयोग 2003 साली नेमला गेला. मार्च 1991 मध्ये आयल्विन यांनी दूरचित्रवाणीवरून राष्ट्राच्या वतीने पीडितांच्या कुटुंबीयांची माफी मागितली, तेव्हा त्यांचा आवाज फुटला होता. पुढच्याच महिन्यात उजव्या गटाचे सिनेटर हाइमे गुस्मान यांची हत्या झाली आणि अहवालावरची चर्चा विरून गेली. एक गोष्ट मात्र टिकली. 1992 च्या कायद्याने मृतांच्या कुटुंबीयांना दरमहा निवृत्तिवेतन सुरू झाले. मर्यादित अधिकारांच्या आयोगातूनही भरपाई पदरात पडू शकते, कारण ती सरकारच्या हातात असते आणि तिला सैन्याची परवानगी लागत नाही.

माफीची अट

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट युद्धात हरून गेली नाही. ती वाटाघाटींनी गेली. सैन्य आणि पोलीस नॅशनल पार्टीच्या सरकारशी निष्ठावान होते, आणि माफीचे आश्वासन मिळाल्याशिवाय निवडणुका शांतपणे पार पडू देण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यामुळे 1993 च्या अंतरिम राज्यघटनेच्या अखेरीस, जवळजवळ शेवटच्या घटकेला, एक परिच्छेद जोडला गेला. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्यांना माफी दिली जाईल, असे त्यात होते. कशी दिली जाईल, हे नव्या संसदेवर सोडलेले होते. 27 एप्रिल 1994 रोजी सार्वत्रिक मताधिकाराच्या पहिल्या निवडणुका झाल्या, आणि कायदामंत्री दुल्ला ओमार यांनी त्या परिच्छेदाचे रूप बदलून टाकले.

चिलीच्या आयोगाचे सदस्य होझे झालाकेत यांच्यासारखे अनुभवी लोक तोवर दक्षिण आफ्रिकेत येऊन बोलून गेले होते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनेही आपल्या छावण्यांमध्ये झालेल्या छळाची चौकशी करून घेतली होती आणि मग सर्व बाजूंची चौकशी करणारा आयोग हवा, अशी भूमिका घेतली होती. या सगळ्यातून 1995 चा 34 क्रमांकाचा कायदा झाला. सरसकट माफी मिळणार नाही. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, प्रत्येक गुन्ह्याचे संपूर्ण कथन करायचे, आणि तो गुन्हा राजकीय हेतूने केला होता हे समितीला पटवून द्यायचे. गंभीर गुन्ह्यांची सुनावणी उघड होणार, पीडितांना उलटतपासणीचा हक्क राहणार. पश्चात्ताप व्यक्त करण्याची अट मात्र नव्हती. आयोगाच्या तीन समित्या होत्या: मानवी हक्कांच्या भंगाची चौकशी, माफी, आणि भरपाई व पुनर्वसन. पहिली समिती लोकांचे ऐकून घेणार होती. माफीच्या समितीत न्यायाधीश होते आणि तिचा निर्णय अंतिम होता. भरपाईच्या समितीला फक्त शिफारशीचा अधिकार होता. कराराचा तोल बिघडला तो इथे, कायदा लिहितानाच. गुन्हेगाराला मिळणारी माफी निर्णयाच्या दिवसापासून लागू होणार होती, आणि पीडितांची भरपाई सरकारच्या मर्जीवर राहिली.

हा धोका काही कुटुंबांनी वेळीच ओळखला. 1977 साली पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने इतरांसह घटनात्मक न्यायालयात धाव घेतली. माफीमुळे फौजदारी खटल्याबरोबर दिवाणी दाव्याचाही हक्क जातो, आणि सरकारवरही दावा करता येत नाही, हे घटनेला धरून नाही असे त्यांचे म्हणणे होते. जुलै 1996 मध्ये न्या. इस्माईल महोमेद यांनी निकाल त्यांच्या विरोधात दिला. माफीचे आमिष नसेल तर सत्य बाहेर येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. या कुटुंबांचे नुकसान होते हे त्यांनी नाकारले नाही. त्याची भरपाई राज्यसंस्था व्यापक पुनर्वसनातून करू शकते, या आधारावर कायदा वैध ठरला. सर्वोच्च पातळीवर मान्य झालेला हा आधार पुढे सरकारने विसरावा, ही या प्रकरणातली सर्वांत दुःखद गोष्ट आहे.

सुनावण्या

आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष आणि अ‍ॅलेक्स बोरेन उपाध्यक्ष असलेल्या 17 सदस्यांच्या आयोगाची पहिली उघड सुनावणी 15 एप्रिल 1996 रोजी ईस्ट लंडन शहराच्या नगरभवनात झाली. 1 मार्च 1960 ते 10 मे 1994 हा कालखंड अखेर आयोगाच्या कक्षेत आला. पहिली तारीख शार्पव्हिलमध्ये निदर्शकांवर झालेल्या गोळीबाराच्या महिन्याची, दुसरी राष्ट्राध्यक्ष मंडेलांच्या शपथविधीची. देशाच्या तेव्हाच्या 11 अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत साक्ष देता येत असे आणि दुभाषे ती त्याच क्षणी इतर भाषांत सांगत. ते प्रथमपुरुषातच बोलत: मला मारले, माझ्या मुलाला नेले. दिवसामागून दिवस असे बोलल्याने कित्येक दुभाष्यांना स्वतःलाच मानसोपचाराची गरज पडली. रेडिओवरून सुनावण्या खेड्यापाड्यांत पोचत होत्या, आणि दूरचित्रवाणीवर दर रविवारी आठवड्याचा वृत्तान्त येत होता.

पहिल्याच आठवड्यात नोमोंडे कलाटा साक्षीला आल्या. त्यांचे पती फोर्ट कलाटा, मॅथ्यू गोनिवे, स्पॅरो मखोंटो आणि सिसेलो म्हलाउली हे चौघे 27 जून 1985 च्या रात्री पोर्ट एलिझाबेथहून क्रॅडॉक गावी परत निघाले होते. सुरक्षा पोलिसांनी त्यांना वाटेत अडवून ठार केले आणि प्रेते जाळली. नोमोंडे तेव्हा गरोदर होत्या. गावात वर्तमानपत्रे वाटायचे काम त्या करीत, आणि पती ज्या गाडीतून निघाले होते ती जळालेली सापडल्याची बातमी त्यांनी वाटायला आणलेल्या अंकातच वाचली. हे सांगताना त्यांच्या तोंडून जो आक्रोश बाहेर पडला, त्याने कामकाज थांबले. पुन्हा सुरू झाले तेव्हा टुटूंनी आधी एक जुने शोकगीत म्हटले आणि सभागृहाने त्यांना साथ दिली. आयोगाची खरी सुरुवात त्या आक्रोशाने झाली, असे त्यावर लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी म्हटले आहे.

एकूण 21,000 हून अधिक लोकांनी जबान्या दिल्या. त्यांपैकी सुमारे दहावा हिस्साच उघड सुनावणीत बोलला. जबानी देणाऱ्यांत बायकांची संख्या जास्त होती, पण त्या बहुतेक करून नवऱ्याबद्दल आणि मुलांबद्दल बोलत. स्वतःवर झालेल्या अत्याचारांबद्दल, विशेषतः बलात्काराबद्दल, गप्प राहत. हे लक्षात आल्यावर आयोगाने स्त्रियांसाठी वेगळ्या सुनावण्या ठेवल्या. वैद्यकीय व्यवसाय, वृत्तपत्रे, चर्च, उद्योगधंदे आणि न्यायव्यवस्था यांच्याही स्वतंत्र सुनावण्या झाल्या. न्यायाधीश मात्र प्रत्यक्ष हजर राहिले नाहीत. त्यांनी लेखी निवेदने पाठवली. माजी राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांनी समन्सच धुडकावले. खालच्या न्यायालयाने त्यांना दोषी धरले, पण अपिलात ते सुटले.

या सुनावण्यांनी एक गोष्ट कायमची साधली. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत कोणताही सुबुद्ध गोरा माणूस, छळ झालाच नव्हता, असे म्हणू शकला नाही. व्लाकप्लास नावाच्या शेतावरून पोलिसांची खुनी टोळी चालत होती, हे वर्षानुवर्षे नाकारले गेले होते. आता त्या टोळीतलीच माणसे खुर्चीत बसून तारीखवार सांगत होती.

सांगणारे आणि न सांगणारे

माफीचे अर्ज मुळात येतील का, ही सुरुवातीला शंका होती. त्या बाबतीत दोन खटल्यांचे निकाल बोलके ठरले. 1996 मध्ये व्लाकप्लासचा प्रमुख युजीन डी कॉक याला दोन जन्मठेपा आणि 212 वर्षांची शिक्षा झाली. डी कॉक आता सगळ्यांची नावे घेणार, या धास्तीने सुरक्षा पोलिसांचे अधिकारी आयोगाकडे अर्ज घेऊन आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माजी संरक्षणमंत्री मॅग्नस मालन आणि सैन्यातले वरिष्ठ अधिकारी क्वामाखुथाच्या हत्याकांडाच्या खटल्यातून निर्दोष सुटले. सैन्यातून फारच थोडे अर्ज आले. माफीचे आमिष खटल्याच्या भीतीशिवाय चालत नाही, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

एकूण 7,112 अर्ज आले. 5,392 फेटाळले गेले, 849 जणांना माफी मिळाली आणि उरलेले अर्ज मागे घेतले गेले किंवा अन्य मार्गांनी निकालात निघाले. अर्जदारांत साध्या गुन्ह्यांसाठी तुरुंगात असलेल्या कैद्यांची मोठी भर होती. त्यांच्या गुन्ह्याला राजकीय हेतू नव्हताच.

जुलै 1997 मधली पोलीस अधिकारी जेफ्री बेन्झिन याची सुनावणी या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिचा क्रूरपणा दोन्ही दाखवते. ओली पिशवी डोक्यावर ओढून गुदमरवण्याच्या तंत्रात तो निष्णात होता. त्याने छळलेले टोनी येंगेनी आता संसदेचे सदस्य होते. त्यांनी उलटतपासणीत त्याला ते तंत्र तिथेच करून दाखवायला सांगितले. एक माणूस जमिनीवर पालथा झोपला, बेन्झिन त्याच्या पाठीवर बसला आणि त्याने पिशवी डोक्यावरून ओढली. छायाचित्रे निघाली, जगभर छापली गेली. आणि मग बेन्झिनने येंगेनींना आठवण करून दिली, की अर्ध्या तासाच्या आत तुम्ही तुमच्या सहकारी बाईंचा ठावठिकाणा सांगितला होता. छळणारा आणि छळ सोसणारा यांच्यातले जुने नाते त्या सभागृहात पुन्हा उभे राहिले. बेन्झिनला 1999 मध्ये माफी मिळाली. त्याने कायद्याची अट पूर्ण केली होती.

याच्या उलट बिको यांच्या मृत्यूशी संबंधित पोलीस. त्यांनी झटापटीत डोके भिंतीवर आपटले, अशी कहाणी सांगितली. समितीला ती पटली नाही आणि त्यांचे अर्ज फेटाळले गेले. क्रॅडॉकच्या चौघांच्या हत्येसाठी अर्ज करणाऱ्या सहा पोलिसांनाही 1999 मध्ये माफी नाकारली गेली. करारानुसार यापुढची पायरी सरकारची होती.

क्षमेच्या कथाही खऱ्या आहेत आणि त्या खोट्या ठरवण्याचे कारण नाही. ऑगस्ट 1993 मध्ये गुगुलेथु वस्तीत जमावाने मारलेली अमेरिकी विद्यार्थिनी एमी बील हिच्या आईवडिलांनी मारेकऱ्यांच्या माफीला विरोध केला नाही आणि पुढे त्यांच्यापैकी दोघांना मुलीच्या नावाने काढलेल्या संस्थेत काम दिले. पण क्षमा करणे ही पीडिताची खासगी बाब होती. कायद्याने ती मागितली नव्हती, आणि ज्या बायकांनी आयोगापुढे क्षमा करायला नकार दिला, त्यांनी कराराचा भंग केला नाही. व्यासपीठावरून क्षमेची स्तुती इतक्या वेळा झाली, की नकार देणाऱ्यांना अपराधी वाटावे. त्यांच्यावर हा भार टाकायला नको होता.

अहवाल आणि त्यानंतर

29 ऑक्टोबर 1998 रोजी आयोगाने पाच खंडांचा अहवाल मंडेलांना दिला. वर्णद्वेष हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे आणि बहुसंख्य अत्याचारांना राज्यसंस्था जबाबदार असल्याचे त्यात ठामपणे म्हटले होते. त्याचबरोबर आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने बॉम्बस्फोटांत आणि छावण्यांत केलेले मानवी हक्कांचे भंगही नोंदवले होते. आता सत्तेत असलेल्या याच पक्षाने अहवाल रोखण्यासाठी आदल्या दिवशी न्यायालयात धाव घेतली आणि तो हरला. माजी राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी मात्र आपल्याबद्दलचा मजकूर तात्पुरता वगळून घेतला. अहवालाच्या एका पानावरचा भाग काळा छापला गेला. दोन्ही बाजूंनी अहवालाला विरोध व्हावा, ही त्याच्या निःपक्षपातीपणाची पावती होती. पण त्यामुळे अहवालाला सत्तेत कोणी वाली उरला नाही, हेही तितकेच खरे.

अहवालावरचा सर्वांत गंभीर आक्षेप विचारवंत महमूद ममदानी यांनी घेतला. हत्या, अपहरण आणि छळ एवढ्यावरच लक्ष दिल्यामुळे आयोगाचा पीडित म्हणजे राजकीय कार्यकर्ता ठरला, आणि हालचालींवर परवान्याचे बंधन घालणाऱ्या पास कायद्यांखाली पकडलेले, जमिनीवरून हुसकलेले लाखो लोक हिशेबाबाहेर राहिले. 1960 ते 1983 या काळात सुमारे 35 लाख लोकांना सक्तीने हलवले गेले होते. हा आक्षेप रास्त आहे. वर्णद्वेष हा प्रामुख्याने जमीन, मजुरी आणि वास्तव्य यांच्यावरचा कायदेशीर दरोडा होता, आणि दरोड्याचा लाभ झालेल्यांना आयोगापुढे यावेच लागले नाही. आयोगाला याची जाणीव असल्याच्या खुणा शिफारशींत दिसतात: संपत्तीवर कर, आणि जोहान्सबर्गच्या शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीकडून तिच्या बाजारमूल्याच्या 1 टक्का इतकी एकरकमी देणगी.

प्रत्येक पीडिताला आयोगाने सहा वर्षे, दरवर्षी सुमारे 17,000 ते 23,000 रँड द्यावेत असे सुचवले. जवळजवळ पाच वर्षे सरकारने या शिफारशीवर काहीच ठरवले नाही. शेवटचे दोन खंड आल्यावर, एप्रिल 2003 मध्ये राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी संपत्ती कराची कल्पना नाकारली आणि प्रत्येक मान्य पीडिताला एकदाच 30,000 रँड जाहीर केले. त्या वेळच्या दराने ही रक्कम चार हजार अमेरिकी डॉलरांहूनही कमी होती. जे मुदतीत आयोगापर्यंत पोचले नाहीत, त्यांना यादीत जागाच नव्हती. भरपाईसाठी काढलेल्या राष्ट्राध्यक्ष निधीत आजही एक अब्जाहून अधिक रँड पडून आहेत. पैसा नव्हता, असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

खटल्यांचे झाले ते याहून वाईट. माफी नाकारलेल्या किंवा माफीच न मागितलेल्यांची सुमारे 300 प्रकरणे आयोगाने राष्ट्रीय अभियोग खात्याकडे सोपवली. त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कोर्टात गेली. 2005 मध्ये खात्याच्या धोरणात बदल करून मागच्या दाराने दुसरी माफी आणण्याचा प्रयत्न झाला. तो 2008 साली प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने रद्द केला. अभियोग खात्याचे माजी प्रमुख वुसी पिकोली यांनी 2015 मध्ये प्रतिज्ञापत्रावर सांगितले, की ही प्रकरणे राजकीय हस्तक्षेपामुळे अडवली गेली. सत्ताधारी पक्षातल्या लोकांवरही खटले होऊ शकतील, ही भीती त्यामागे होती, असे मानायला जागा आहे.

या विलंबाचा अर्थ अहमद तिमोल यांच्या प्रकरणातून समजतो. तिमोल हे भारतीय वंशाचे शिक्षक. ऑक्टोबर 1971 मध्ये जोहान्सबर्गच्या जॉन व्होर्स्टर स्क्वेअर या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून ते पडून मेले. 1972 च्या चौकशीने ती आत्महत्या ठरवली. त्यांची आई हवा तिमोल 1996 मध्ये आयोगापुढे येऊन बोलल्या, पण त्या खोलीत असलेला कोणी माफी मागायला आला नाही. कुटुंबाने स्वतः तपास केला, पाठपुरावा केला, आणि 2017 मध्ये न्या. बिली मोथ्ले यांनी जुना निष्कर्ष रद्द करून हा खून असल्याचे जाहीर केले. 2018 मध्ये एका निवृत्त सुरक्षा पोलिसावर आरोप ठेवले गेले. खटला उभा राहण्याआधीच, सप्टेंबर 2021 मध्ये, तो मेला. क्रॅडॉकच्या प्रकरणातले माफी नाकारलेले सहाही पोलीस खटल्यावाचून मेले. शेवटचा 2023 मध्ये. जानेवारी 2025 मध्ये फोर्ट कलाटा यांचा मुलगा लुखान्यो आणि इतर पीडित कुटुंबांनी सरकारवर दावा लावला, आणि मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांना या दिरंगाईचीच चौकशी करणारा नवा आयोग निवृत्त न्यायाधीश सिसी खाम्पेपे यांच्या अध्यक्षतेखाली नेमावा लागला. एका आयोगाच्या शिफारशी का पाळल्या नाहीत हे शोधायला दुसरा आयोग.

एक काम मात्र शांतपणे चालू राहिले. अभियोग खात्यात 2005 साली बेपत्ता व्यक्तींच्या शोधासाठी एक पथक स्थापन झाले आणि अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला मदत केली. त्या पथकाने अनेकांचे अवशेष शोधून कुटुंबांच्या स्वाधीन केले.

इतर देशांत

आयोगानंतर काय होते, याचे चित्र देशोदेशी वेगळे आहे. एल साल्वाडोरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने मार्च 1993 मध्ये अहवाल दिला आणि पाच दिवसांत संसदेने सरसकट माफीचा कायदा केला. तो रद्द व्हायला 2016 उजाडले. ग्वाटेमालात चर्चच्या वतीने झालेल्या चौकशीचा अहवाल जाहीर करून दोनच दिवस झाले असताना, एप्रिल 1998 मध्ये, बिशप हुआन हेरार्दी यांचा खून झाला. पुढच्या वर्षी अधिकृत आयोगाने 2 लाख लोक मारले किंवा नाहीसे केले गेल्याचे आणि माया समाजाविरुद्ध वंशसंहाराची कृत्ये झाल्याचे नोंदवले. पेरूच्या आयोगाने 2003 मध्ये मृतांचा अंदाज 69,280 दिला. चारांतले तीन बळी क्वेचुआ किंवा अन्य मूळ भाषा बोलणारे होते. राजधानी लिमातल्या सुशिक्षितांना इतकी माणसे मेल्याचे कळलेही नव्हते. पण त्या देशात 2009 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांना 25 वर्षांची शिक्षा झाली. मोरोक्कोत राजा सिंहासनावर असतानाच आयोग झाला. भरपाई दिली गेली, पण छळणाऱ्यांची नावे उच्चारायला मनाई होती.

दक्षिण आफ्रिकेचा दोष ओळखून केलेली सर्वांत विचारपूर्वक रचना कोलंबियाची. बंडखोरांशी झालेल्या 2016 च्या शांतता करारात सत्य आयोगाच्या जोडीला विशेष न्यायाधिकरणही होते. जो लवकर आणि पूर्ण खरे सांगेल त्याला पाच ते आठ वर्षांचे, तुरुंगाबाहेरचे, पीडितांच्या उपयोगी पडेल असे दंडात्मक काम. जो सांगणार नाही त्याला वीस वर्षांपर्यंतचा तुरुंग. माफी आणि खटला एकाच छताखाली ठेवल्याने दुसरे काम नंतरच्या सरकारवर सोडण्याची वेळच येत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये या न्यायाधिकरणाने बंडखोर संघटनेच्या सात माजी नेत्यांना अपहरणांबद्दल दोषी ठरवून पहिल्या शिक्षा दिल्या. पीडितांपैकी काहींना त्या फारच सौम्य वाटल्या, आणि त्यांचे म्हणणे नजरेआड करता येत नाही. तरी शिक्षा झाल्या, करारानंतर नऊ वर्षांत झाल्या, आणि ज्यांना झाल्या ती माणसे जिवंत आहेत.

भारताला सर्वांत जवळचा आयोग नेपाळचा. दहा वर्षांच्या माओवादी युद्धात सुमारे 17,000 लोक मेले. नोव्हेंबर 2006 च्या शांतता करारात बेपत्ता व्यक्तींची माहिती 60 दिवसांत जाहीर करण्याचे वचन होते. कायदा व्हायलाच 2014 उजाडले. ‘सत्य निरूपण तथा मेलमिलाप आयोग’ आणि बेपत्ता व्यक्तींसाठीचा आयोग फेब्रुवारी 2015 मध्ये नेमले गेले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यांना माफी देण्याची तरतूद अमान्य केली. युद्धातल्या दोन्ही बाजू आळीपाळीने किंवा एकत्र सत्तेत असल्याने कायदा सुधारण्याची घाई कोणालाच नव्हती. ती सुधारणा ऑगस्ट 2024 मध्ये झाली. मे 2025 मध्ये दोन्ही आयोगांवर नव्या सदस्यांच्या नेमणुका झाल्या, आणि पीडितांच्या अनेक संघटनांनी त्या अमान्य केल्या. या संघटनांना विश्वासात घेऊन, भरपाईची रक्कम आणि खटल्यांची कालमर्यादा आधी ठरवूनच नेपाळ सरकारने साक्षी घ्याव्यात. आयोगाकडे नोंदलेल्या तक्रारी 60,000 हून अधिक आहेत.